सुचेताबाईंची उजळणी

तासगावच्या नगरपालिकेच्या बागेत संध्याकाळी फिरायला येणारी साठीपुढची मंडळी हल्ली बोबडं बोलू लागली होती, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. कासारकाकांचा मुलगा ओसाकाला होता म्हणून ते जपानीत बोबडे बोलत. निवृत्त तलाठी जर्मनमध्ये अडखळत आणि स्वतःच खुदकन हसत. दोन-तीन महिन्यांत बोबडेपणा जाई, जीभ सैल होई, आणि मग या लोकांना परकी भाषा अशी काही येई की जणू तिथेच जन्म घेतला होता. बागेतल्या बाकांवर आता राजकारणापेक्षा कोणता कोर्स चांगला यावरच जास्त वाद होत.

तसा प्रत्येकाच्या घरात कानातला दुभाषी होता. तो कानात घातला की जगातली कुठलीही भाषा मराठीत ऐकू येई. पण नातवंडांना तो आवडत नसे. सुचेताबाई म्हेत्रे यांची नात लुसीया स्पेनमध्ये लोग्रोन्यो नावाच्या गावी राहायची. आजीचे ओठ एक बोलतात आणि आवाज दुसराच येतो, याची तिला भीती वाटे. एकदा तिने कानातला दुभाषी काढून टाकला आणि पडद्यासमोरून उठून गेली. त्या दिवशी बाईंनी ठरवलं की आपण स्पॅनिश शिकायचं.

लुसीया ही शाल्मलीची मुलगी. शाल्मली म्हणजे बाईंची आणि विलासरावांची एकुलती एक लेक. द्राक्षांचं शास्त्र शिकायला ती स्पेनला गेली, तिथल्याच आंद्रेसशी लग्न करून राहिली आणि दोन वर्षांपूर्वी आजारपणात तिकडेच वारली. जावयाचा निरोप आला होता की लुसीया आईचं नावच काढत नाही; आईच्या लहानपणीचं कुणी तिला सांगितलं तर बरं होईल. आता ते सांगणार कोण? शाल्मलीचं लहानपण सगळं तासगावात, विलासरावांच्या द्राक्षबागेत आणि बेदाण्याच्या शेडमध्ये गेलेलं.

बाई तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीला शिकवत होत्या. त्यांनी कोर्स निवडला तो लोक मुलीसाठी स्थळ पाहतात तसा. स्पेनची स्पॅनिश हवी की मेक्सिकोची, आधी व्याकरण की आधी ऐकणं, रोज किती वेळ, मागून कुणी तपासणार की नाही, सगळं त्यांनी विचारून घेतलं. चार कोर्स थोडे थोडे चाखून सोडून दिले. शेवटी पसंत पडला तो 'बालभाषा'. कारण त्याच्याबरोबर खिडकीची गोळी मिळत असे.

ही खिडकी म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं. लहान मूल भाषा शिकत नाही, ती त्याच्या अंगात शिरते. मेंदूचा जो भाग बोलणं सांभाळतो, तिथले धागे त्या वयात सैल असतात आणि कानावर पडेल तसे विणले जातात. पुढे मेंदू त्या विणीवर एक प्रकारची खळ चढवतो. धागे पक्के होतात, आणि मग मोठ्या माणसाला दुसरी भाषा घोकून घोकून शिकावी लागते. शास्त्रज्ञांनी ती खळ विरघळवणारं औषध शोधलं. आठवड्याला एक गोळी घेतली की लहानपणी बंद झालेली ती बालखिडकी पुन्हा उघडते, आणि गोळ्या थांबवल्या की काही महिन्यांत आपोआप मिटते.

गोळीने काम चोख केलं. उन्हाळा संपेपर्यंत बाईंना स्पॅनिश समजू लागली. अडचण होती ती बोलण्याच्या सरावाची. बालभाषाबरोबर सरावाला जो सोबती मिळे, तो बाजारहाटाच्या पलीकडे जायला तयार नसे. टोमॅटोचा भाव, गाडीची वेळ, दवाखान्याचा पत्ता आणि पुन्हा टोमॅटो. बाईंनी त्याला आपल्या मुलीविषयी काही सांगायला घेतलं की तो नम्रपणे म्हणे, हा विषय आपल्या पाठात नाही. बाई वैतागल्या. असा आळशी अभ्यासक्रम त्यांनी शाळेतही खपवून घेतला नसता.

म्हणून त्यांनी बोलायच्या सरावासाठी दुसऱ्याच कंपनीचा सोबती घेतला. त्याचं नाव 'गप्पिष्ट', तळहातावर मावेल एवढं एक बोलकं यंत्र. तो गोळी न घेता सावकाश शिकणाऱ्यांसाठी केलेला होता. आवाज गोड, घाई नाही, आणि तो माणसाला त्याच्या आयुष्याविषयीच विचारी. तुमच्या घरातला एखादा दिवस सांगा. तुमची मुलगी लहानपणी कशी होती? दोन वैद्यांची औषधं एकत्र घेऊ नयेत, एवढं बाईंना कळत होतं. पण गोळी हे औषध, आणि गप्पा म्हणजे नुसत्या गप्पा, असं त्या धरून चालल्या. दोन्ही कंपन्यांनी आपापला माल तपासून घेतलेला होता. दोन्ही एकत्र घेतलं तर काय होतं, हे मात्र कुणीच पाहिलेलं नव्हतं.

बाईंनी नातीला सांगायच्या गोष्टी निवडल्या आणि गप्पिष्टासमोर त्यांची उजळणी सुरू केली. उजळणीवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. पाढा म्हणताना एक आकडा चुकला की त्या सगळा वर्ग पहिल्यापासून म्हणायला लावत आणि टेबलावर पट्टी आपटून म्हणत, पुन्हा एकदा. गप्पिष्टालाही त्यांनी तीच सवय लावली. वाक्य अडखळलं की तो म्हणे, 'ओत्रा वेथ.' म्हणजे पुन्हा एकदा. बाई खूश होऊन गोष्ट पहिल्यापासून सांगत. सकाळी चहाआधी आणि संध्याकाळी बागेतून आल्यावर, शाल्मलीच्या त्याच निवडक गोष्टी त्यांनी महिनोन् महिने घोटल्या. विलासराव शेडकडे जाता जाता थांबून ऐकत. कळत काही नसे, पण मधूनच शाल्मलीचं नाव आलं की त्यांना बरं वाटे.

मार्चमध्ये शाल्मलीचा वाढदिवस आला. ती असताना त्या दिवशी शेवयांची खीर व्हायची. ती गेल्यावरही खीर होई, आणि वाट्या पुढ्यात घेऊन विलासराव बायकोला दर वर्षी तीच गोष्ट सांगायला लावत. ती घडली तेव्हा ते सांगलीला बेदाण्याच्या सौद्याला गेलेले होते. त्यामुळे ती गोष्ट एकट्या बाईंची होती आणि ती त्यांनीच सांगायची.

"शेडची सांग की," विलासराव म्हणाले.

"कुठल्या शेडची?"

त्यांना वाटलं, बायको चेष्टा करतेय. "आगं, शालू हरवलेली, ती."

बाई आठवू लागल्या. शालू हरवली होती? कधी? त्यांनी मनात हात घालून पाहिला, आणि तिथे काहीच लागलं नाही. विसरलेल्या गोष्टीचं टोक तरी ओठावर येतं. इथे टोकही नव्हतं. मग विलासरावांनीच, बायकोच्या तोंडून ऐकलेली, मोडकीतोडकी गोष्ट सांगितली. पोर पाच वर्षांची. बेदाण्याचा हंगाम. दुपारी दिसेना म्हणून सगळी आळी शोधायला निघाली, विहिरीत गळ टाकला. बाईंना ती सापडली ती शेडमध्ये, द्राक्षं वाळत घालायच्या अगदी खालच्या जाळीखाली पोटावर पालथी पडलेली. ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "आई, बोलू नको. द्राक्षं झोपल्यात. झोपेत म्हातारी होत्यात ती. मी राखण करतीय."

बाईंनी सगळं नीट ऐकलं. शेजारच्या घरातल्या मुलीची असावी तशी ती गोष्ट त्यांना गोड वाटली. आणि मग आपल्याला ती फक्त गोड वाटली, हे त्यांच्या ध्यानात आलं. खिरीची वाटी तशीच ठेवून त्या आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी गप्पिष्ट सुरू केला.

त्याने स्पॅनिशमध्ये विचारलं, आज कोणती गोष्ट? आणि बाईंच्या डोळ्यांपुढे शेड उभी राहिली. हिरव्या जाळ्या, बेदाण्याचा आंबूस गोड वास, विहिरीच्या काठावरची माणसं. सगळं जिथल्या तिथे होतं. जाळीखालून पोर त्यांच्याकडे बघत होती. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि ती बोलली. तासगावच्या शेडमधली ती पाच वर्षांची पोर स्पॅनिशमध्ये बोलली, अस्खलित. बाईंनी तिला मराठीत हाक मारायचा प्रयत्न केला, तशी शेड विझून गेली.

त्यानंतरचे दिवस भीतीत गेले. बाई एकेक आठवण चाचपून बघत. घोटलेल्या गोष्टींपैकी एकही मराठीत शिल्लक नव्हती. शाळेचा पहिला दिवस गेला होता, गोवराचं आजारपण गेलं होतं, विमानतळावरचा निरोपही. न घोटलेलं तेवढं होतं तसं होतं. मग त्यांना मुलीची आठवण काढायचीच दहशत बसली. आठवलं आणि चुकून स्पॅनिशमध्ये आठवलं तर? शाल्मलीचा फोटो त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि त्यावरून दोघं भांडले. शेवटी विलासरावांनी त्यांना मिरजेला डॉक्टर रेणुका काळदाते यांच्याकडे नेलं. या डॉक्टर स्मृतीवर काम करत आणि खिडकीच्या गोळीच्या तपासणीतही होत्या. त्या लहानपणी बाईंच्याच हाताखाली शिकल्या होत्या.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विलासरावांना म्हणाल्या, "काका, तुम्ही गुऱ्हाळ पाहिलंय ना? आठवण म्हणजे गुळाची ढेप समजा. आपल्याला वाटतं, ती फडताळात ठेवलेली असते आणि आपण नुसती काढून बघतो. तसं नसतं. आठवण काढली की ढेप वितळते, आणि बोलून झालं की पुन्हा साच्यात ओतली जाते. दर वेळी."

"मंग इतकी वर्सं ती बदलली कशी न्हाई?"

"साचा एकच होता म्हणून. मोठ्या माणसाच्या मेंदूत पहिल्या भाषेचा साचा घट्ट बसलेला असतो. पण बाईंची खिडकी उघडी आहे. आता ज्या भाषेत सांगाल तो साचा. एकदा-दोनदा सांगून काही होत नाही, आम्ही तेवढंच तपासलं होतं. एकच आठवण कुणी रोज, महिनोन् महिने, पाढ्यासारखी म्हणेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही." त्या बाईंकडे वळल्या. "बाई, तुम्ही आम्हाला शिकवलं तसंच केलंत."

बाईंनी विचारलं, उलटं ओतता येईल का? डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. खिडकी उघडी असताना एका भाषेत आठवण वितळवायची आणि मध्येच दुसरीत बोलायला लागायचं, असा प्रयोग पूर्वी दोघांवर झाला होता. दोघांचीही आठवण दोन्हीकडून सांडली. गप्पिष्टाकडे साठलेलं बोलणं मराठीत करून वाचता येईल, पण ती फक्त माहिती होईल, वर्तमानपत्रातल्यासारखी. आता गोळी बंद करायची, दिवाळीपर्यंत खिडकी मिटेल, तोवर जे मराठीत उरलंय त्याला स्पॅनिशमध्ये हात लावायचा नाही आणि स्पॅनिशमध्ये कुणाकडून ऐकायचंही नाही; तो साचा आता तयार आहे, त्यात एकदा ओतलं तरी पुरे. उरलेलं तरी वाचेल.

परतीच्या वाटेवर गाडीतून तासगाव दिसायला लागल्यावर बाई म्हणाल्या, "अहो, ट्रॅक्टरची आहे अजून."

शाल्मली सात वर्षांची असताना वडिलांच्या मांडीवर बसून तिने ट्रॅक्टरचं चाक धरलं आणि तो शेजारच्या बाबू आण्णांच्या मेथीत घातला. आण्णा ओरडत आले, तर ही गंभीरपणे म्हणाली, "आण्णा, ट्रॅक्टरला भूक लागली हुती." त्या वेळी दोघंही तिथे होते. बाई बांधावर हसून हसून बसल्या होत्या. ही गोष्ट गप्पिष्टाला सांगायची राहून गेली होती. विलासराव म्हणाले, ही तेवढी आपल्या दोघांची राहू दे. बाईंनी मान डोलावली.

रविवारी दुपारी लुसीयाशी बोलायचं ठरलेलं होतं. बाईंनी तिला शेडची गोष्ट सांगितली. ती स्पॅनिशमध्येच होती, आता तिला कसली भीती? विलासराव शेजारी कानातला दुभाषी घालून बसले. गोष्ट ओठांवरच्या बोटापाशी आली आणि लुसीया हसली. आई गेल्यापासून ती पडद्यावर पहिल्यांदाच हसत होती. मागे उभा असलेला आंद्रेस तोंड फिरवून खिडकीपाशी गेला. बाईंना शाल्मली दिसत होती, तिचा आवाज ऐकू येत होता, अगदी जवळून. लुसीयाने आणखी एक गोष्ट मागितली. बाई म्हणाल्या, पुढच्या रविवारी.

बोलणं संपलं आणि त्यांनी वळून पाहिलं, तर विलासराव कानातला दुभाषी हातात घेऊन बसले होते.

"मशिनीतली बाई चांगलं सांगती," ते म्हणाले. "पण ती तू न्हाईस."

बाईंनी दुभाषी त्यांच्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. विलासराव पुढे म्हणाले, "तुझी शालू तिकडं गेली. तिच्यासंगं तूबी हसतीस, रडतीस, मला दिसतंय. मी हिकडं एकटा तिला घिऊन काय करू?"

आठवड्याने त्यांनी खिडकीची गोळी सुरू केली. बाईंनी खूप विरोध केला. आता घरात शाल्मली पूर्ण मराठीत बोलते ती फक्त तुमच्या डोक्यात, ते कुणासाठी घालवू नका, म्हणून हातापाया पडल्या. डॉक्टरांनीही फोनवर समजावलं. शेवटी तडजोड झाली ती अशी की विलासरावांनी बालभाषाच घ्यायचा, सराव फक्त बाजारहाटाचा करायचा, टोमॅटोच्या पलीकडे जायचं नाही. गप्पिष्ट बाईंनी स्वतःच्या हाताने बंद करून कपाटात ठेवला. पावसाळाभर घरात टोमॅटोचा भाव दुमदुमत राहिला. आपला नवरा बोबडं बोलतोय, हे बघून बाईंना कधी कधी हसूही येई.

दिवाळी जवळ आली. बाईंची खिडकी मिटत आली होती. डॉक्टरांच्या मते थोडेच दिवस उरले होते. एका दुपारी त्या विलासरावांना जेवायला बोलवायला शेडकडे गेल्या. हंगाम नसल्याने जाळ्या रिकाम्या होत्या. आतून नवऱ्याचा आवाज येत होता. तो टोमॅटोचा नव्हता.

विलासराव खालच्या जाळीशी पोतं टाकून बसले होते. पुढ्यात कपाटातून काढून आणलेला गप्पिष्ट होता. ते स्पॅनिशमध्ये ट्रॅक्टरची गोष्ट सांगत होते. सावकाश, एकेक शब्द ठेवून, चुकलं की पहिल्यापासून. सराव जुना होता, हे बाईंच्या शिक्षकी कानाला लगेच कळलं. मांडीवरची पोर, हातातलं चाक, समोर मेथीचा वाफा. कानांवर हात ठेवावेत, आत धावून ते यंत्र उचलून आपटावं, नवऱ्याला मराठीत मोठ्याने हाक मारावी, हे सगळं त्यांना एकदम सुचलं. ट्रॅक्टरची आठवण त्यांच्याही डोक्यात वर आली होती, वितळली होती आणि साच्याची वाट बघत होती, हे त्यांना कळत होतं. त्यांनी जाळीचा लोखंडी खांब घट्ट धरला.

विलासरावांनी त्यांना पाहिलं. ते थांबले नाहीत. बायकोकडे बघत, तिलाच सांगत असल्यासारखे पुढे बोलत राहिले. बाबू आण्णा ओरडत आले. पोरीने मान वर केली आणि गंभीरपणे तोंड उघडलं. आणि नेमक्या तिच्या वाक्यापाशी विलासराव अडखळले. भुकेचा स्पॅनिश शब्द त्यांच्या जिभेवर येईना. ते आशेने बाईंच्या तोंडाकडे बघू लागले, पहिलीतल्या पोरासारखे.

बाईंना तो शब्द येत होता. शाल्मलीच्या आवाजात येत होता. त्यांनी तो सांगितला, आणि तेहतीस वर्षांची सवय असलेला त्यांचा हात खांबावर पट्टीसारखा आपटला.

"ओत्रा वेथ," बाई म्हणाल्या.